पळीभर तीर्थ

तामलवाडीच्या खालच्या आळीत दैवशाला कुठं बाहेर निघाली की शेजारच्या बायका अंदाज बांधतात, आज किती फेऱ्या होणार. कुलूप लावून ती चौकापर्यंत जाते, तिथून परत येते, कुलूप ओढून बघते आणि पुन्हा निघते. पाराशी पोचली की तिला गॅस आठवतो. "दैवशाला, तुझा गॅस म्या बंद केलाय गं, जा आता," असं एखादी ओट्यावरून ओरडते आणि सगळ्या हसतात. तीही हसते, आणि हसत हसत परत जाऊन गॅस बघूनच येते.

बाई बी.ए. झालेली आहे. माहेर इकडच्याच वाशीचं, मुंबईकडच्या नव्हे. त्या काळी त्यांच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच मुलगी. टायपिंगची परीक्षाही तिनं दिली होती आणि एका कचेरीत अर्जही टाकला होता. लग्नाला तीन आठवडे झाल्यावर ती माहेरपणाला गेली, तेव्हा आईच्या ट्रंकेत साड्यांच्या घडीखाली मुलाखतीचं पत्र सापडलं. तारीख उलटून गेलेली. "आई, हे कधी आलं?" तिनं विचारलं. आई भाकरी थापत होती. "कसलं पत्र? मला न्हाय ठाव बाई," असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली. घरात नुकतंच कार्य झालं होतं, पाहुणे होते, आवाज चढवायची सोय नव्हती. दैवशालानं पत्र परत साड्यांखाली ठेवलं.

पुढं सासरी तिलाही ही विद्या आली. नवरा कृष्णराज मनानं वाईट नाही, पण तापट. पोरीला मार्क कमी पडले तर "पेपर अवघड होता म्हणे, सगळ्यांनाच कमी पडले." पोरगी मैत्रिणीबरोबर सोलापूरला सिनेमाला गेली तर "वह्या आणायला गेलीय." दूध उतू गेलं तर "आज म्हशीनंच कमी दिलं." एवढं एवढं खोटं. कुणाचं काही बिघडत नसे आणि रात्रीचं जेवण शांततेत होई. सासू सिताबाई चुलीपाशी बसून हे सगळं ऐकायची. कधी कधी नुसती भुवई उचलायची. बोलायची मात्र नाही.

सृष्टी ही दैवशालाची एकुलती एक. सोलापूरला बीसीए केलं. नोकरीसाठी वर्षभर अर्ज पाठवले. मैत्रिणी पुण्याला गेल्या, सृष्टीही निघाली होती, पण दैवशालानं धसका घेतला. अनोळखी शहर, सहा जणींची एक खोली, रात्री उशिरा सुटणारं ऑफिस. ती जेवेना, झोपेना. शेवटी सृष्टीच थांबली. तिनं शोधून शोधून घरी बसून करायचं काम मिळवलं. पुण्याची एक कंपनी दवाखान्यांची बिलं तपासून द्यायची. तीन महिने बघणार, काम पटलं तर कायम करणार, आणि कायम झालं तरी घरूनच करायची मुभा. कंपनीचं सॉफ्टवेअर सृष्टीच्याच लॅपटॉपवर टाकलेलं, ते दुसऱ्या मशीनवर चालत नसे.

कृष्णराजनं तेव्हाच सांगून टाकलं होतं, "कोजागिरीला तुझे तीन महिने भरत्यात. कायम झालीस तर लग्नाचं नाव काढणार न्हाय, दोन वर्षं काढणार न्हाय. न्हाय झालीस तर दिवाळीत पाहुणे बोलवणार. मग तोंड वाकडं करायचं न्हाय."

"चालंल," सृष्टी म्हणाली. बापाच्या हातावर हात मारून म्हणाली.

तिला खात्री होती. तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या आरोही मॅडम फोनवर दोनदा म्हणाल्या होत्या, तुमच्या बिलात चूक सापडत नाही. काळजी होती ती फक्त दैवशालाला. जे आपल्या हातून निसटलं ते लेकीच्या हाती लागतंय, हे तिला इतकं खरं वाटत नव्हतं की ते मोडण्याची वाट बघितल्यासारखी ती घरात वावरायची. सृष्टी काम करत असली की ही दारातून चार वेळा डोकवायची. "चालूय ना गं?"

"चालूय आई. तू बघितल्यानं जास्त चालत न्हाय."

मग नवरात्र आलं. तुळजापूर इथून बसनं जवळच, त्यामुळं या घराची जुनी रीत अशी, की अष्टमीला देवीच्या अभिषेकाचं पंचामृत बाटलीत भरून आणायचं, आणि खंडेनवमीला घरातल्या सगळ्या अवजारांवर विड्याच्या पानानं शिंपडायचं. खुरपी, विळे, कोयता, पंपाचा पाना, फवारणीचा पंप, कृष्णराजची मोटारसायकल. ज्याच्यावर पोट चालतं त्याला देवीचं तीर्थ.

आदल्या संध्याकाळी सृष्टीनं बजावलं होतं, "आज्जी, माझा लॅपटॉप पूजेत न्हाय घ्यायचा. लांबनं नमस्कार कर."

"लांबनं करते की. मला कुठं त्यातलं कळतंय," सिताबाई म्हणाली.

नवमीला सकाळी कृष्णराज मोटारसायकल धुवायला बाहेर होता, सृष्टी न्हायला गेली होती. पाटावर अवजारं मांडून झाली. दैवशालानं हळद-कुंकू लावलं, फुलं वाहिली. आणि तिच्या मनात आलं, सगळ्यांना मिळालं, पोरीच्याच कामाला तेवढं नाही. निकालाला सहा दिवस उरलेले. देवीला काय वाटेल? ती उठली आणि टेबलावरचा लॅपटॉप उचलून घेऊन आली.

"अगं, पोरगी नको म्हणली ना?" सिताबाई म्हणाली.

"नुसतं एक बोट लावते आत्या. तिला कशाला कळतंय."

झाकणावर तिनं कुंकवाचं बोट टेकवलं. मग वाटलं, काम तर आत चालतं, झाकणावर शिंपडून काय उपयोग? तिनं झाकण उघडलं. पान बुडवून दोन थेंब शिंपडले. बाटलीतलं उरलेलं तीर्थ पळीत होतं, तेही तिच्या दुसऱ्या हातात. तेवढ्यात न्हाणीची कडी वाजली. दैवशाला दचकली, आणि पळी अक्षरांच्या बटणांवर कलंडली.

फार नव्हतं. पळीभरच. पदरानं तिनं भराभरा पुसलं, लॅपटॉप उपडा करून झटकला, कुंकू पुसलं आणि तो टेबलावर होता तसा ठेवून दिला. सृष्टी केस पुसत बाहेर आली तेव्हा ती पाटापुढं हात जोडून बसली होती. सिताबाईनं सुनेकडं पाहिलं आणि नैवेद्याचं ताट पुढं सरकवलं.

संध्याकाळी सृष्टीनं बटण दाबलं. लॅपटॉप सुरू झाला. दसऱ्यालाही चालला. एकादशीला दिवसभर चालला. दैवशालाचा जीव भांड्यात पडला. देवीचंच तीर्थ, त्यानं काय वाईट होणार?

द्वादशीला सकाळी दहाला सृष्टीनं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही.

तिनं पुन्हा दाबलं. चार्जर काढून लावला. दुसऱ्या खोलीतल्या बोर्डात लावला. त्याच बोर्डात मिक्सर लावून बघितला, मिक्सर फिरला. चार्जरवरचा छोटा दिवा लागत होता, तो लॅपटॉपला जोडला की मात्र विझायचा. शेजारून दुसरा चार्जर आणला, तोही तसाच. मोबाईलवर बघून तिनं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, सोडलं, परत दाबलं. पडदा काळा तो काळाच.

कृष्णराज शेतातून आला. "सरक. मोटार चालू व्हईना तर आमी काय करतो? स्टार्टरला एक चापट." त्यानं लॅपटॉपला मागून चापट मारली.

"पप्पा! ती काय पाण्याची मोटार हाय का?"

"मग फेज गेला असंल. ठेव लावून रात्रभर, येईल आपोआप."

दैवशाला दारात उभी होती. "लावूनच ठेव," तीही म्हणाली. रात्रभर चार्जर लावलेलाच राहिला. दिवा लागायचा, विझायचा, लागायचा, विझायचा.

त्याच संध्याकाळी सृष्टीनं आरोही मॅडमना फोन केला होता. त्या बोलायला गोड होत्या, पण सांगितलं ते सरळ. "पौर्णिमेच्या दिवशी तुमच्या बॅचचा निर्णय आहे. दिवसभर लॉगिन असावं लागेल, त्या दिवसाचं काम वर पाठवावं लागेल. दुसऱ्या मशीनवर सॉफ्टवेअर घालायचं तर आठ दिवस जातात. मशीन सुरू करून घ्या. नाहीतर यादीत पुढचं नाव आहे, मग माझ्या हातात काही राहत नाही."

दुसऱ्या दिवशी, त्रयोदशीला, मायलेकी तुळजापूरला गेल्या. जुन्या बसस्टँडाकडं सिद्धारामचं दुकान आहे. माणूस मूळचा अक्कलकोटकडचा, बोलण्यात कानडी हेल, नाकावर चष्मा आणि कपाळावर दुसरा भिंगाचा चष्मा. त्याच्या कामाची एक तऱ्हा होती. मशीनला हात लावण्याआधी तो माणसाला समोर बसवायचा आणि डॉक्टरसारखं सगळं विचारून घ्यायचा. जत्रेचे दिवस, दुकानात मोबाईलवाल्यांची रीघ, तरी त्यानं सृष्टीला स्टुलावर बसवलं.

"कधी बंद पडलं? आदल्या दिवशी गरम झालं हुतं का? वास आला का? लाईट कमीजास्त हुती का?"

सृष्टीनं सगळं नीट सांगितलं. सिद्धारामनं मीटर लावून चार्जर बघितला, तो ठीक होता. मागचं झाकण उघडलं, बॅटरीची वायर काढली, बटण बराच वेळ दाबून धरलं, बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर लावून बघितलं. काही नाही. रबरानं काही पट्ट्या पुसल्या, परत बसवल्या. काही नाही.

मग त्यानं हात थांबवला. "आता नीट ऐका. पाणी, च्या, दूध, काय सांडलं हुतं का ह्याच्यावर? सांडलं असंल तर आत्ताच सगळं खोलतो, बोर्ड भाईर काढतो, स्पिरिटनं धुतो, वाळवतो. संध्याकाळपर्यंत चालू. न्हाय सांडलं तर बोर्ड काढायचा न्हाय. जुनं मशीन हाय, पातळ पट्ट्या असत्यात, उगा काढाया गेलं तर तुटत्यात. मग मी पिनीकडनं सुरुवात करणार, चार्जर जिथं घुसतो तिथनं."

"मी जवळ पाणीसुद्धा ठेवत न्हाय काका," सृष्टी म्हणाली.

"बरं. अक्का, तुमी? घरात कुणाच्या हातनं काय? लहान पोर, म्हातारं माणूस?"

लेक वळून आईकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत संशय नव्हता. नुसतंच बघत होती, उत्तर ठाऊक असल्यासारखी. दैवशालाच्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. एक, नवमीनंतर दोन दिवस चाललं की. तीर्थानं बिघडायचं असतं तर तेव्हाच बिघडलं असतं. आणि दुसरी, हे आता सांगितलं तर ही पोरगी माझ्याकडं परत अशी बघेल का?

"न्हाय," ती म्हणाली. "काहीच सांडलं न्हाय."

"तुमी शिकलेल्या दिसताय, तुमच्यावर भरवसा ठेवतो," सिद्धाराम म्हणाला. "गावाकडची माणसं सांगत न्हाईत वं. च्या सांडतात आन म्हणतात, आपोआप बंद पडलं." त्यानं चार्जरची पिन घुसते ती जागा भिंगातून बघितली. "पिन ढिली हाय. नवी बसवू. सोलापूरवरनं मागवतो, माझा मेव्हणा उद्या चालत येणार हाय देवीला, त्याच्या पिशवीत टाकतील."

परतीच्या बसमध्ये सृष्टी खिडकीला डोकं टेकून म्हणाली, "नुसती पिन आहे. वाचलो आई."

"वाचलो," दैवशाला म्हणाली. त्या सबंध प्रवासात तिला दहा वेळा वाटलं की आता उतरावं, मागं जावं, लेकीला चौकात उभं करून एकटीनं दुकानात शिरावं आणि सांगावं. काटगाव फाटा गेला. सांगवी गेली. उतरायचं ठिकाण आलं आणि ती उतरली. घरी जाऊन तिनं वरणाला फोडणी दिली.

चतुर्दशीला मोठा रस्ता चालणाऱ्यांनी भरून गेला होता. कोजागिरीला सोलापूरकडून तुळजापूरला अनवाणी जाणारी गर्दी, मैलोगणती, आणि गाड्यांना बंदी. कृष्णराजनं दोघींना मोटारसायकलवर घेऊन आडरस्त्यानं, शिवाराशिवारातून नेलं. "ह्या एका पेटीपायी सोयाबीनची रास तशीच पडलीय," असं तो दोनदा म्हणाला, पण नेलं. दुकानापाशी सोडून तो चहाला गेला.

सिद्धारामच्या मेव्हण्यानं पिन आणली होती. बोटभर कागदी पुडीत. सिद्धारामनं ती जोडली, चार्जर लावला. बटणाजवळचा पांढरा दिवा लागला. सृष्टीनं आईचा हात घट्ट धरला. त्यानं बटण दाबलं. आत कुठंतरी किर्र झालं आणि बारीक चट् असा आवाज आला. मग वास. केस जळल्यासारखा.

सिद्धारामनं वायर ओढून काढली. त्यानं सगळे स्क्रू काढले, बोर्ड उचलला आणि कीबोर्डाच्या बाजूनं उलटा केला. भिंगाचा चष्मा खाली ओढला. बराच वेळ बघत राहिला. मग बोर्ड नाकाशी नेऊन हुंगला.

"इकडं या," तो म्हणाला.

हिरवट पांढरं काहीतरी, बुरशीसारखं, बारीक तारांवर चढलं होतं. त्याला चिकटून पिवळे कण. एका कोपऱ्यात काळा डाग, आत्ताच जळलेला. सिद्धारामनं टाचणीनं टोकरलं, चिकट तार निघाली.

"दही हाय. मध हाय. साखर हाय. हे तीर्थ हाय अक्का. तुळजापुरात ऱ्हातो मी, वर्षाला पाच-धा मोबाईल येतात असले." त्याचा आवाज चढला नाही, पण कडू झाला. "काल हे धुतलं असतं तर उठलं असतं. आतमध्ये ओल असताना मी करंट सोडला. म्हंजे मीच जाळलं. मी पाणी विचारलं, च्या विचारला, दूध विचारलं. तीर्थ इचारायचं राहिलं. ह्या गावात धंदा करून मला तेवढं सुचू नये?"

हा माणूस दोष स्वतःवर घेत होता. दैवशालाला वाटलं, जमीन दुभंगावी. पण ती दुभंगत नाही आणि माणसं उत्तराची वाट बघत उभी राहतात.

"पूजेत ठेवला होता?" सृष्टीनं विचारलं. आवाज अगदी बारीक. "आई, पूजेत कुणी ठेवला?"

"आत्यांनी…" दैवशाला म्हणाली. शब्द तिनं शोधला नव्हता, तो तोंडात तयारच होता. "त्यांनी शिंपडलं असंल. मला कुठं माहीत."

"नवा बोर्ड?" सृष्टीनं सिद्धारामकडं वळून विचारलं.

"ह्या मशीनचा बोर्ड पुण्या-मुंबैला मिळंल. आठ-धा दिवस. उद्या न्हाय मिळायचा पोरी."

घरी आल्यावर सृष्टी सरळ आज्जीच्या खाटेपुढं जाऊन उभी राहिली. सिताबाई वाती वळत होती.

"आज्जी, मी नको म्हटलं होतं ना? सांगितलं होतं का न्हाय? का टाकलंस तीर्थ माझ्या लॅपटॉपवर?"

सिताबाईनं वर बघितलं. नातीकडं, आणि मग नातीच्या मागं उभ्या असलेल्या सुनेकडं. कापूस बोटांत तसाच राहिला. क्षणभर दैवशालाला वाटलं, आता सांगणार. एरवी म्हातारी बोलायला फटकळ होती, भीडभाड ठेवणारी नव्हती.

"टाकलं खरं," सिताबाई म्हणाली. "म्हणलं, पोरीच्या कामाला देवीचं तीर्थ लागू दे. हात हालतो गं माझा आता."

"हात हालतो तर गप बसायचं होतं!" सृष्टी ओरडली. या घरात आज्जीवर कुणी असं ओरडलं नव्हतं. कृष्णराजसुद्धा पुढं झाला, "ए, म्हातारीवर आवाज करायचा न्हाय," पण मग त्यानंही आईकडं बघून मान हलवली. "आई, तुला काय करायचं होतं त्या पेटीशी?"

"चुकलं," सिताबाई म्हणाली आणि वात वळायला लागली.

पौर्णिमेला सृष्टीनं मोबाईलवरून मेल लिहिला, फोन केले, फोटो पाठवले. आरोही मॅडम हळहळल्या. दोन दिवसांनी चार ओळींचं पत्र आलं. आपल्या कामाची प्रशंसा करतो, पुढील वाटचालीस शुभेच्छा. सृष्टीनं ते बापाला वाचून दाखवलं. मोठ्यानं, एकेक शब्द, धडा वाचावा तसं.

"पुढच्या वेळी मिळंल," कृष्णराज म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं. पण तो दिलेला शब्द मोडणारा माणूस नव्हता, ना स्वतःचा ना दुसऱ्याचा. दिवाळीच्या पाडव्यानंतर येडशीकडचे पाहुणे आले. मुलगा वीज मंडळात, घरी शेती, माणसं बोलायला बरी. मुलाच्या काकानं विचारलं, "बीसीए झालंय म्हणता, मग नोकरी का न्हाय केली?"

"करत होते," सृष्टी म्हणाली. "लॅपटॉप बंद पडला."

पाहुणे हसले. काका म्हणाले, "आमच्याकडं या, दोन लॅपटॉप घिऊन देऊ." परत हसले. सृष्टीनं मान खाली घातली, लाजल्यासारखी. तारीख मार्गशीर्षातली निघाली.

नवऱ्या मुलानं पुढं नोकरीला नाही म्हटलं नव्हतं. हो असंही म्हटलं नव्हतं. दैवशालाला तो अर्धवटपणा चांगला ओळखीचा होता. तिलाही कुणी कधी स्पष्ट नाही म्हटलं नव्हतं.

सृष्टी रडली नाही, भांडली नाही. बापाशी बोलायची, आईशी तर पूर्वीपेक्षा मायेनं बोलायची. लग्न करून जायचं म्हणून असेल. फक्त आज्जीशी बोलणं तिनं बंद केलं. लहानपणापासून आज्जीच्या कुशीत झोपलेली पोर. आठवीत होती तोवर आज्जीकडूनच वेणी घालून घ्यायची, आई ओढते म्हणून. आता ती खाटेला वळसा घालून जायची. सिताबाईनं हाक मारली तर "आई, बघ गं काय पाहिजे," एवढंच. सिताबाई मग हाक मारायचीही थांबली.

हे दैवशालाला सोसेना. नोकरी गेली ते तिनं कसंबसं गिळलं होतं, पण हे रोज ताटात येत होतं. एका दुपारी कृष्णराज रानात होता, सृष्टी शिंप्याकडं गेलेली. सासूच्या खाटेपाशी खाली बसून ती म्हणाली, "आत्या, मी सांगते तिला. आजच सांगते. तुमचा काय दोष नव्हता, पळी माझ्या हातात होती. मी चुकले. तिथं दुकानात तोंडातनं तुमचं नाव कसं निघालं, मलाच कळलं न्हाय."

सिताबाई खाटेवर उठून बसली. मग म्हणाली, "दुकानात निघालं ते सोड. त्याच्या आदल्या दिवशी त्या माणसानं विचारलं तवा का गप बसलीस? पोरगीच बोलली घरात, आठवतंय का? तवाच सांगितलं असतं तर धुऊन दिलं असतं म्हणे त्यानं."

दैवशाला खाटेखाली पडलेला कापूस वेचायला लागली.

"पोरीनं मला विचारलं तवा म्या तुझ्याकडं बघितलं. म्हणलं, बोलंल आता. माझ्यासाठी न्हाय, लेकीसाठी तरी बोलंल. तू भिंतीकडं बघत हुतीस. मग म्याच म्हणलं टाकलं म्हणून. पोरीदेखत तुला खोटी पाडायला जीभ उचलंना."

"म्हणून तर सांगते ना आता…"

"आता न्हाय सांगायचं." म्हातारीचा आवाज कोरडा होता. "आता सांगून नोकरी येणार हाय का? सोयरीक मोडणार हाय का? महिन्यानं पोरगी नांदायला जाणार. माझ्यावर राग धरून गेली तर माझं काय, म्या किती दिसाची. तुझ्यावर राग धरून गेली तर माहेराला कुठं येईल ती? तिकडं कुणी काय बोललं, मारलं, टाकलं, तर सांगायला कुणाकडं येईल? माझ्याकडं? म्या असंन का तवा?"

"आत्या…"

"तुला मोकळं व्हायचं हाय, कळतंय मला. ते न्हाय मिळायचं. गप बसायची सवय हाय न्हवं तुला? बस की मग."

दैवशालाला तेव्हा रडू यायला हवं होतं. पण छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं तिला हलकं वाटलं. सांगायचं नाही. कुणीतरी सांगितलंय की सांगायचं नाही. हे हलकं वाटणं तिनं ओळखलं आणि त्याची तिला इतकी किळस आली की ती उठून न्हाणीत गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली.

संध्याकाळी सृष्टी ब्लाऊजं घेऊन आली. आल्या आल्या तिनं चहा टाकला. बापाचा कप बाहेर ओट्यावर नेऊन दिला, आईचा हातात दिला. आज्जीचा कप तिनं खाटेशेजारी जमिनीवर ठेवला आणि वळली. सिताबाईनं खाली वाकून हात लांबवला. कप दिसत होता, पण हाताला लागत नव्हता. दैवशाला आपला कप ठेवून उठली, खालचा कप उचलला आणि सासूच्या हातात दिला.

"तू कशाला उठतीस आई?" सृष्टी म्हणाली. तिनं दैवशालाला दंडाला धरून परत बसवलं आणि तिचा कप तिच्या हातात ठेवला. "बस जरा. सगळ्यांचं करून करून दमतीस तू."

दैवशाला बसली.